गळ्यांतला ताईत

एखाद्या माणसावर घरादाराचा किंवा समाजाचा अतिशय जीव जडला, म्हणजे तो त्यांच्या 'गळ्यांतला ताईत' झाला, असें आपण म्हणतों. हा वाक्प्रचार आजहि सभांतून, वर्तमानपत्रांतून आणि घरगुती बोलण्यांत सर्रास ऐकूं येतो. परंतु ज्या वस्तूवरून तो निघाला, ती वस्तु आमच्या वाचकांपैकीं किती जणांच्या घरीं पाहावयास मिळेल, याची शंकाच आहे. शब्द राहिला आणि वस्तु गेली, असें भाषेंत पुष्कळदां घडतें. पण ताईताची गोष्ट थोडी निराळी आहे. तो माळ्यावर पडून झिजला नाहीं. बहुतेक घरांतून तो मोडींत गेला, आणि जातांना घरांतील कांहीं माणसांची एकुलती एक आठवणहि बरोबर घेऊन गेला. सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांपुरतें पाहून या लहानशा दागिन्याविषयीं चार गोष्टी सांगाव्या, आणि ज्यांच्या पेटींत तो अजून शिल्लक असेल त्यांस एक विनंति करावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

ताईत आणि त्याचा गोतावळा

ताईत हा शब्द अरबी 'तावीज' या शब्दावरून आला आहे. आश्रय मागणें, हा त्याच्या मुळाशीं असलेला अर्थ. वस्तु पाहूं गेल्यास ती अगदीं साधी. चांदीच्या किंवा सोन्याच्या पत्र्याची पेराएवढी नळी, दोन्ही टोकांस टोपणें, त्यांतील एक काढतां येण्याजोगें; वर दोन-तीन कड्या, आणि त्यांतून ओंवलेला काळा गोफ. हीच वस्तु चौकोनी केली म्हणजे तिला पेटी म्हणावयाचें. ताईत गळ्यांत घालीत, तसाच दंडांतहि बांधीत.

खरें महत्त्व असे तें आंतल्या ऐवजास. अष्टगंधानें भूर्जपत्रावर लिहिलेला मंत्र, देवाचा अंगारा, किंवा पंधराचें यंत्र त्यांत घालीत. एक ते नऊ हे आंकडे नऊ घरांत असे मांडावयाचे कीं, उभी, आडवी वा तिरपी कोणतीहि ओळ मिळवली तरी बेरीज पंधराच यावी, तें हें यंत्र. मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्यास हिंदु व मुसलमान दोघेहि भक्तिभावानें जातात. पीराच्या स्थानावरून आणलेला ताईत हिंदूंच्या मुलांच्या गळ्यांतहि दिसे. आजारी मुलाची आई मंत्राची भाषा तपासीत बसत नाहीं.

ताईताला भावंडेंहि पुष्कळ. तान्ह्या मुलाच्या मनगटास बांधावयाचे, काळ्यावर पांढरे ठिपके असलेले दृष्टमणी; कमरेचा करगोटा; गळ्यांतली हांसळी; चांदींत मढविलेलें वाघनख; आणि फडक्यांत बांधलेला वेखंडाचा तुकडा. बाळलेणीं म्हणून आपण ज्यांचें कौतुक करतों, त्यांतील निम्म्याहून अधिक लेणीं शोभेसाठीं नव्हतींच. तीं राखणीसाठीं होतीं. मोठ्यांच्या लेण्यांतहि तेंच. मंगळसूत्रांतले मणी काळे कां, या प्रश्नाचें उत्तर दृष्टमण्याकडे पाहिलें म्हणजे सहज सुचतें.

सोनाराचें काम

ताईत घडविणें हें लहान काम खरें, पण हलकें नव्हे. चांदी बहुधा घरचीच असे. राणीछाप रुपया एक तोळा वजनाचा, आणि त्याच्या बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी. तेव्हां एखाददुसरा रुपया सोनारापुढें ठेवला कीं काम भागे. पुढें १९४० सालीं रुपयांतील चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ सालीं रुपया निकेलचा झाला. ही सोय तेव्हांच संपली.

सोनार बागेसरींत कोळसे फुलवी, मुशींत रुपया आटवी आणि ऐरणीवर ठोकून त्याचा पातळ पत्रा काढी. तो पत्रा सळईवर वळवून नळी करावयाची. सांध्यास सवागी लावून त्यावर हलक्या चांदीचा डाक ठेवावयाचा, आणि फुंकणीनें ज्योत नेमकी त्या रेषेवर धरावयाची. ज्योत क्षणभर अधिक राहिली तर डाकाबरोबर पत्राहि वितळावयाचा. कमी पडली तर सांधा सुटावयाचा. मग जंतरांतून तार ओढून, दोन तारांना पीळ देऊन, तो पीळ टोपणांच्या कडेनें बसवावयाचा, आणि ऐपत असल्यास वर मोहरीएवढे रवे जडवावयाचे. मुलाच्या मऊ कातडीस कोठेंहि धार लागूं नये म्हणून शेवटीं सारे कांठ घांसून बोथट करावयाचे. हातानें घडविलेला जुना ताईत आजहि ओळखूं येतो, तो या बोथट कांठांवरून आणि किंचित् वांकड्या सांध्यावरून.

याच सोनाराकडे देव्हाऱ्यांतले टाकहि होत. ओतीव ठशावर पातळ पत्रा ठेवून वरून ठोकला कीं, देवाची आकृति पत्र्यावर उठते. मागील पोकळी भरून तांब्याच्या पत्र्यानें ती बंद करावयाची. कऱ्हाड तालुक्यांतील पाल येथील खंडोबा ज्यांचें कुलदैवत, त्यांच्या देव्हाऱ्यांत घोड्यावरील खंडोबाचा टाक हमखास असावयाचा. लग्नकार्यापूर्वीं टाक सोनाराकडून उजळून आणण्याची चाल कित्येक घरांत अजून आहे. टाक हा ताईताचा वडील भाऊच म्हणावा. एकानें घराची राखण करावयाची, दुसऱ्यानें अंगाखांद्यावर राहून माणसाची.

भीति खोटी नव्हती

आजचा सुशिक्षित मनुष्य ताईत पाहून हंसतो. त्याच्या हंसण्यांत चूक नाहीं. पण तें हंसें अपुरें आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं आपल्या देशांत जन्मलेल्या दर हजार मुलांपैकीं दोनशेंहून अधिक मुलें पहिला वाढदिवस पाहत नसत. म्हणजे पांच बाळंतपणें झालेल्या घरांत एखादें तरी मूल गेलेलें असावयाचें, हा त्या काळचा साधा हिशेब होता. देवी, पटकी, विषमज्वर हे तर नेहमींचेच. १८९६ सालीं मुंबईस आलेला प्लेग पुढें सातारा-सांगलीकडेहि पसरला, आणि १९१८ च्या इन्फ्लुएंझानें घरेंच्या घरें ओस पाडलीं. पांचव्या-सहाव्या रात्रीं सटवी येऊन बाळाच्या कपाळीं विधिलेख लिहिते, म्हणून पाटाजवळ कोरा कागद व लेखणी ठेवावयाची. आणि कपाळींचा लेख काय असेल हें ठाऊक नसल्यामुळें दुसरा एक लेख बाळाच्या गळ्यांत बांधावयाचा. लेखास लेखानें उत्तर देण्याचा हा प्रकार होता. भीति खोटी नव्हती. उपाय मात्र खोटा होता.

खरा उपाय दुसऱ्या वाटेनें आला. १८०२ सालच्या जून महिन्यांत मुंबईस ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस देवीची लस टोचण्यांत आली. हिंदुस्थानांतील ही पहिली यशस्वी लस. त्या दिवसापासून १९७७ सालीं भारत देवीमुक्त झाल्याचें जाहीर होईपर्यंत पावणेदोनशें वर्षें लागलीं. मिरजेस डॉक्टर वॉनलेस यांचें रुग्णालय १८९४ मध्यें उभें राहिलें, आणि आसपासच्या मुलखास शस्त्रक्रियेची ओळख झाली. आज दर हजारीं पहिल्या वर्षांत दगावणाऱ्या मुलांची संख्या तिसाच्या आंत आली आहे. ही कामगिरी लशीची, स्वच्छ पाण्याची आणि शिकलेल्या आयांची, ताईताची नव्हे.

ही गोष्ट निर्भयपणें सांगणारा एक पुरुष याच भूमींत जन्मला, याचा आम्हांस अभिमान वाटतो. डॉक्टर नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. त्यांचें महाविद्यालयीन शिक्षण सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजांत व वैद्यकीय शिक्षण मिरजेस झालें. १९८९ मध्यें त्यांनीं अंधश्रद्धा निर्मूलन समिति स्थापिली आणि २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत त्यांचा खून झाला. त्याच वर्षीं महाराष्ट्रांत झालेल्या कायद्यानें, कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसास औषधोपचारापासून अडवून गंडेदोरे व मंत्रतंत्र करणें हा गुन्हा ठरला. कायद्याची ही मर्यादा लक्षांत घेण्याजोगी आहे. गळ्यांत ताईत असणें हा गुन्हा नाहीं; ताईत आहे म्हणून डॉक्टरकडे जाऊं न देणें हा गुन्हा आहे. आमचेंहि मत नेमकें तेंच आहे. ताईतावर भरंवसा ठेवूं नये. पण ताईत जपावा. हीं दोन वाक्यें परस्परविरुद्ध वाटतील. तीं तशीं कां नाहींत, तें पुढील एका टाकावरून कळून येईल.

सवतीचा टाक

पूर्वीं बाळंतपणांत स्त्रिया फार दगावत, आणि घरधनी वर्ष उलटण्यापूर्वीं दुसरें लग्न करी. अशा वेळीं कित्येक घराण्यांत वारलेल्या पहिल्या बायकोचा लहानसा टाक करून तो दुसरीच्या गळ्यांत घालीत. यासच सवतीचा टाक म्हणावयाचें. पहिलीची वासना संसारांत अडकून राहिली असेल, तिनें नवीन संसारास उपद्रव देऊं नये, हा त्यांतील हेतु. पंधरा-सोळा वर्षांच्या नव्या मुलीनें, जिला आपण कधीं पाहिलें नाहीं अशा दुसऱ्या मुलीची आकृति गळ्यांत वागवावयाची, आणि तिला भिऊन असावयाचें, ही कल्पना आज अंगावर कांटा आणते. ती चाल गेली हें उत्तम झालें, याविषयीं दुमत होणार नाहीं.

पण तिची दुसरीहि एक बाजू आहे. आपल्या घरच्या वंशावळी काढून पाहाव्या. बाप, आजा, पणजा, खापरपणजा यांचीं नांवें ओळीनें लिहिलेलीं सांपडतील. त्यांच्या बायकांचीं नांवें फारच थोड्या वंशावळींत असतात, आणि मूल मागें न ठेवतां अठराव्या-विसाव्या वर्षीं गेलेल्या पहिल्या बायकोचें नांव तर कोठेंच नसतें. माहेरचें नांव लग्नांत पुसलें गेलेलें, सासरचें नांव दुसरीनें घेतलेलें. छायाचित्र काढण्याची सोय व ऐपत फारच थोड्यांस. अशा स्त्रीची या जगांत राहिलेली एकच खूण म्हणजे तो बोटभर चांदीचा टाक. त्यावर अक्षर नसे; ती कोण, कोठली, कशानें गेली, हें सासूनें सुनेस तोंडीं सांगावयाचें. अविधवा नवमीस जिच्या नांवानें सवाष्ण जेवूं घालावयाची तिचें नांव घरांत टिकलें असेल, तर तें अशाच तोंडी सांगण्यानें. घराण्याच्या कागदानें जें केलें नाहीं, तें भीतीनें केलें. टाक मोडींत गेला कीं सांगण्याचें निमित्त संपतें, आणि मग एका पिढींत तें नांव कायमचें जातें. ताईताचेंहि असेंच आहे. तो कोणत्या मुलासाठीं केला, त्याच्या आधींचीं किती गेलीं होतीं, ही हकीकत वस्तूबरोबरच चालत येते.

सहारांतील एक भाऊबंद

ही रीत केवळ आपलीच, असें मात्र कोणीं समजूं नये. आफ्रिकेंतील सहारा वाळवंटांत, नायजर, माली, अल्जीरिया इत्यादि देशांत, तुआरेग नांवाचे मुसलमान लोक राहतात. त्यांच्यांत तोंड झांकून घेतात ते पुरुष. निळीनें रंगविलेला फेटा ते तोंडावरून गुंडाळतात. त्यांचा ताईत पाहिला तर आपल्या दंडांतली पेटीच वाटावी. चांदीची किंवा कातड्याची चौकोनी डबी, तींत कुराणांतील वचनें लिहिलेला कागद, आणि वर टोंकदार हत्यारानें कोरलेल्या रेघा व त्रिकोण. तिला ते 'तशेरोत' म्हणतात. सोन्यापेक्षां त्यांची प्रीति चांदीवर अधिक, आणि ही चांदीहि नाण्यांचीच. आपल्या सोनारापुढें राणीछाप रुपया असे, त्यांच्या कारागिरापुढें ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा राणीचें नाणें असे. तें नाणें पुढेंहि शेंकडों वेळां पाडलें गेलें तरी त्यावर साल मात्र १७८० हेंच राहिलें.

या कारागिरांची, म्हणजे 'इनादन' लोकांची, जात तेथें निराळीच मानतात. त्यांच्यावांचून कोणाचें चालत नाहीं. पण अग्नीशीं खेळणाऱ्या त्यांच्या हाताला लोक मनांतून भितातहि. १९६८ ते १९७४ या काळांत आणि पुन्हां १९८४ च्या सुमारास तेथें भयंकर दुष्काळ पडले. गुरें मेलीं, गुरांचे धनी भिकेस लागले, आणि कारागिरांस काम देणारा कोणी उरला नाहीं. तेव्हां त्यांतील कित्येकांनीं शहरें गांठलीं आणि आपले ताईत व ॲगादेझ शहराच्या नांवानें प्रसिद्ध असलेले चांदीचे क्रूस परदेशीयांस विकण्यास आरंभ केला. आज युरोपांतील स्त्रियांच्या गळ्यांत ते मिरवतात. आंतला कागद गेला, भावना गेली. पण हात राहिला, आणि बापापासून मुलाकडे विद्या चालू राहिली.

दुष्काळानें आपल्याकडे काय केलें

आतां आपल्याकडे वळूं. सह्याद्रीच्या पूर्वेस पर्जन्यछायेंत असलेले माण, खटाव, खानापूर, आटपाडी, कवठे महांकाळ हे तालुके दुष्काळाचे जुने सोबती. १९४९ पर्यंत खानापूर तालुका सातारा जिल्ह्यांतच मोडत होता. त्या वर्षीं दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला आणि १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. या भागांतील तरुणांनीं पोटासाठीं एक विलक्षण धंदा पत्करला. तो गलाईचा, म्हणजे सोनेंचांदी आटवून शुद्ध करण्याचा. जुना दागिना आटवावयाचा, तेजाबांत टाकावयाचा. चांदी तेजाबांत विरघळते, सोनें तळाशीं राहतें. मग तांब्याच्या योगानें चांदी पुन्हां वेगळी काढावयाची. विटें व आसपासच्या खेड्यांतील हे लोक आज हिंदुस्थानांतील अनेक लहानमोठ्या शहरांच्या सराफ बाजारांत आढळतात. घर सोडून, धूर आणि तेजाबाची वाफ सोसून त्यांनीं गांवाकडे पैसा पाठविला आणि ओसाड माळावर घरें उभीं केलीं. त्यांच्या कष्टांविषयीं आम्हांस आदरच आहे.

तरीहि दोन्ही चित्रें शेजारीं ठेवलीं म्हणजे मन थोडें खिन्न होतें. तिकडील दुष्काळानें घडविणारा हात जगाच्या बाजारांत नेला. इकडील दुष्काळानें आटविणारा हात देशभर पसरविला. घडविणाऱ्या हातावर आपल्याकडे निराळाच घाला पडला. १९६३ च्या जानेवारींत सुवर्ण-नियंत्रण आलें, आणि चौदा कॅरटांहून अधिक कसाचे नवे दागिने करण्यास बंदी झाली. तो निर्बंध पुढें सैल झाला आणि १९६८ चा सुवर्ण-नियंत्रण कायदा १९९० मध्यें रद्दहि झाला. पण दरम्यान खेड्यापाड्यांतील कित्येक सोनारांनीं बागेसरी विझवून दुसरी वाट धरली होती. आज सांगलीच्या किंवा साताऱ्याच्या पेठेंत ताईत मागितला तर मिळतो. पण तो बहुधा यंत्रावर दाबून काढलेला. त्याचा सांधा सरळ असतो, आणि तो कोणासाठींहि केलेला नसतो.

जुना ताईत मोडींत घातला तर हातीं काय येतें, याचाहि विचार करावा. तो वजनानें हलका, गोफ व आंतील ऐवज काढून टाकावयाचा, डाकाची घट धरावयाची. राहिलेल्या चांदीचे जे पैसे येतील, त्यांत घरांतील चार माणसांचें एक वेळचें हॉटेलांतील जेवण झालें तरी पुष्कळ. घडणावळीचा आणि हकीकतीचा भाव मोडींत धरीत नाहींत.

एक विनंति

म्हणून आमची विनंति अशी. येत्या सुटींत घरांतील वडील बाईमाणसांस जवळ बसवून जुनी दागिन्यांची पेटी एकदां उघडावी. ताईत, टाक, पेट्या, मनगट्या बाहेर काढाव्या. प्रत्येक वस्तु कोणाची, कोठून आली, कोणत्या मुलाच्या वेळीं केली, हें आजी, काकू, आत्या यांस विचारून त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावें, आणि तो कागद त्या वस्तूजवळच ठेवावा. वस्तूचें छायाचित्र काढून परगांवीं व परदेशीं असलेल्या भावंडांस पाठवावें; कित्येकदां अर्धी हकीकत त्यांच्याकडे निघते. टोपण घट्ट असल्यास जोर करूं नये. आंतील भूर्जपत्र सुकून ठिसूळ झालेलें असतें, तें उलगडावयास जातां चुरा होतो. चांदी काळी पडली म्हणून राखेनें किंवा चिंचेनें वरचेवर घांसूं नये, नक्षी झिजते. मऊ सुती कापडांत गुंडाळून कोरड्या जागीं ठेवावी, एवढें पुरे. वाघनख निघाल्यास मात्र जपून असावें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें त्याची खरेदीविक्री हा गुन्हा असून तें बाळगण्यासहि मालकीचा दाखला लागतो. वनखात्याकडे चौकशी करून पुढें काय तें करावें.

घरांत ठेवणें शक्य नसेल तर ती वस्तु संग्रहालयास देण्याचा विचार करावा. औंधास बाळासाहेब पंतप्रतिनिधींनीं १९३८ मध्यें उघडलेलें श्रीभवानी संग्रहालय आहे. पुण्यास दिनकर केळकरांनीं घरगुती वस्तूंचाच मोठा संग्रह करून १९७५ मध्यें तो सरकारच्या स्वाधीन केला. दाराच्या कड्या आणि अडकित्ते यांचेंहि मोल जाणणारा तो मनुष्य होता. मात्र हकीकतीवांचून दिलेला ताईत तेथें जाऊन नुसता 'चांदीचा अलंकार' होतो. म्हणून तो लिहिलेला कागद बरोबर द्यावाच.

आणि घरांत नवें मूल येईल तेव्हां त्याची राखण डॉक्टरांवर व लशींवर सोंपवावी. जन्मतःच, मग दीड महिन्यानें, अडीच महिन्यांनीं, साडेतीन महिन्यांनीं, अशा त्या वेळच्या वेळीं टोंचवाव्या. पणजीनें घडविलेला ताईत बारशाच्या दिवशीं त्याच्या पाळण्याजवळ ठेवण्यास कोणाची हरकत नाहीं. तो कांहीं राखील म्हणून नव्हे. या घरांत त्याच्या आधीं जीं मुलें आलीं व गेलीं, आणि ज्या बायकांनीं त्यांच्यासाठीं रात्री जागून काढल्या, त्यांचीं नांवें त्या दिवशीं एकदां मोठ्यानें घेतां यावीं म्हणून.